कडी नंबर चार

लाकडाच्या फळीला पाच कड्या.
पहिलीतून जे उतरत नाही ते दिल्लीचं,
दुसरी-तिसरीत अडकतं ते बंगलोर, हैदराबाद,
चौथीचं बांगलादेशचं.
पाचवीतून जी सुळकन निघते ती चुरी,
ती कोणाचीच नाही.
वीस वर्षं झाली.
आता कडी लागत नाही,
फळ कोणत्या मुलखात जाणार
ते बोटंच सांगतात.

शेंदूरजनाघाटच्या अलीकडे टिनाचं शेड,
अकरा बाया, एक पंखा,
त्याचं तोंड बेलसरे मुनिमाच्या गादीकडे.

ढाका कुठे आहे मला ठाऊक नाही.
जलीलभाई ट्रक घेऊन सीमेपर्यंत जातो,
एकदा म्हणाला,
"तिकडे आजाऱ्याले भेटाले जातात ना बाई,
तं हातात दोन संत्री नेतात."
तेव्हापासून चौथ्या कडीचं फळ
मी जरा हळू ठेवायची.
कोणाच्या तरी तापाला जायचं आहे ते.

क्रेटच्या तळाशी रद्दी.
एक दिवस रद्दीत फोटो आला,
दोन देशांचे दोन मंत्री, हातात हात.
त्यांच्यावर मी संत्री मांडली.
राग म्हणून नाही,
कागद मापाचा होता.

मग कार्तिकात बेलसऱ्यांनी फोन ठेवला
आणि म्हणाले, ड्यूटी वाढली.
कौतिका म्हणाली, "कोनाची?
आपली तं आठचीच हाये."
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
आपण त्यांचा कांदा अडवला, म्हणाले,
त्यांनी आपलं संत्र अडवलं, असं ऐकतो.
कौतिकाने डबा उघडून
आतल्या अर्ध्या कांद्याकडे पाहिलं.
"म्या तं कोनाचा अडवला नाई."

दुसऱ्या दिवशी हुकूम:
चार नंबर पाचात टाका.
तेच झाड, तेच साल,
कालच्याएवढंच आंबट, कालच्याएवढंच गोड.
फळ रातोरात लहान झालं नव्हतं.
कुठे तरी, खुर्च्यांच्या खोलीत,
कडी मोठी झाली होती.

ओस्तवाल शेठ आले. ढीग पाहिला,
चुरीच्या भावात उचलला,
कोल्ड स्टोरेजचं दार लावून म्हणाले, थांबू.
दोन महिने थांबू, काही तरी निघेल मार्ग.
मी त्या शब्दाकडे पाहत राहिले.
थांबू.
किती मोठी इस्टेट आहे ही,
सातबाऱ्यावर न लागणारी.
माझ्या पोरीचा नर्सिंगचा फॉर्म
एकतीस तारखेला बंद होणार होता
आणि मजुरी क्रेटवर होती,
क्रेट निम्मे.

गावाबाहेर ज्यूसच्या फॅक्टरीचं
तीनदा भूमिपूजन झालंय.
तीन पाट्या, तीन नावं.
मधल्या पाटीला बकऱ्या अंग घासतात,
तिच्यावरचं सोनेरी अक्षर उडालंय.

जलील परतला तो उतरल्या तोंडाने.
नऊ दिवस रांगेत,
ताडपत्रीखाली फळाला घाम सुटलेला.
म्हणाला, पलीकडच्या हमालांकडून कळलं,
क्रेट उतरवणाऱ्या बायाही
तिकडे रिकाम्या बसल्यात भिंतीला टेकून.
"अकरा होत्या?" मी विचारलं.
"मोजाले कोन गेलं बाई," तो म्हणाला
आणि चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून पडलं.

संध्याकाळी रुखमा युवनातेला ताप होता.
ढिगातली दोन पदरात घेतली,
चुरीच ती, कोणाचीच नाही.
तरी बेलसऱ्यांनी वहीत लिहिलं,
दोन नग, कपात.

रुखमा उशीवरून म्हणाली,
"एक्स्पोर्टचा माल दिसते वं बाई."
हो, म्हटलं,
ड्यूटी भरून आलाय.
आणि सोलायला घेतलं.